याकूतबीची रुंद फणी

फार वर्षांपूर्वी आमच्या तिवरवाडीच्या खाडीवर पूल नव्हता, विहिरीला कठडा नव्हता, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे सगळ्या आळीला ठाऊक असायचं. हे शेवटचं अजून बदललेलं नाही. त्या काळची ही गोष्ट. निम्मी मला सासूबाईंनी सांगितली, आणि उरलेली मी दारोदार विचारून गोळा केली. बसा सगळे, लहान पोरांनी पुढे बसा.

तिवरवाडीत हिराय नावाची कोळीण होती. तिला मूलबाळ नव्हतं. एका वादळात सिद्दी खलाशांचं गलबत खडकावर फुटलं, आणि फळीला बांधलेली एक तान्ही पोर तेवढी किनाऱ्याला लागली. सिद्दी म्हणजे ज्यांचे वाडवडील समुद्रापलीकडून, हबशांच्या मुलखातून आले आणि इथलेच होऊन गेले, ते लोक. पोरीच्या गळ्यात पोवळ्याचा मणी होता. हिरायने तिला घरी आणलं आणि नाव ठेवलं पोवळी.

पोवळीचे केस वाडीने कधी पाहिले नव्हते असे होते. काळेभोर, दाट, आणि एकेक केस आपल्याभोवतीच वेटोळं घालून बसलेला. बट ओढली की खांद्यापर्यंत येई, सोडली की टुणकन कानाशी परत. पाऊस पडला तर थेंब वरच्यावर मोत्यांसारखे बसून राहत आणि डोकं कोरडं, असं म्हणतात.

बाया म्हणायच्या, "हिराय, पोरीचे केस वाढतच नाय गो."

केस वाढत होते, पण आतल्या आत गुंडाळत होते. हे कळणार कुणाला? हिरायपाशी होती शिंगाची बारीक दातांची फणी, उवा काढायची, सगळ्यांकडे असते तशी. ती टाळूपाशी रुतवायची आणि खाली ओढायची. पोवळी किंचाळायची, फणीचे दात कडाकड मोडायचे. शेवटी हिरायचं काळीजच होईना. तिने तेल थापलं, वर फडकं बांधलं, आणि विंचरणं सोडून दिलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. फडकं सोडलं तर केसांचा एकच गोळा झालेला, घोंगडीसारखा घट्ट.

"जट," आळी म्हणाली.

आता, जट म्हणजे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जट आली म्हणजे देवीचं बोलावणं आलं. अशी पोर देवीच्या डोंगरावर नेऊन सोडायची, ती परत घरी येत नसे. आणि जट कापावी, तर घरातला माणूस समुद्रातून परत येत नाही, असं सगळे मानत.

धाकू भगताने गोळा चाचपला. आत काहीतरी टणक लागलं. त्याने हात कपाळाला लावला.

"देवीचा दात हाय आत. पोर तिची झाली, हिराय. डोंगरावरच्या जत्रेला जाणाऱ्या होडीत बसव."

धाकू वाईट माणूस नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, आणि हिरायलाही तसंच वाटलं. म्हणून तर तिला रडताही येईना.

जत्रेच्या सकाळी ओहोटी होती. होडी चिखलात बसली होती, भरती आली की निघायची. पोवळीला नवं लुगडं नेसवून धक्क्याच्या पायरीवर बसवलं होतं. तेवढ्यात ओल्या वाळूवरून एक बाई चालत आली, काळी, उंच, काखेत गाठोडं. ती होती याकूतबी. खाडीच्या टोकापलीकडे, वाडीचं कुणी फिरकत नसे अशा सिद्दी वस्तीत राहायची आणि गावोगावी लग्नाच्या नवरीमुलींचे केस गुंफायला जायची. त्या दिवशीही एका लग्नालाच निघाली होती, वाटेत पाणी प्यायला धक्क्याजवळच्या विहिरीशी थांबली.

तिचं डोकं बघून बाया घागरी विसरल्या. केसांच्या बारीक वेण्या टाळूला चिकटून ओळीने गेलेल्या, मिरचीच्या वाफ्यांसारख्या, मधून सरळ भांग. एकीने हात घातलाच.

"विचारायचं आधी, बाय," याकूतबी म्हणाली. "मी तुझ्या पाटीतलं पापलेट न विचारता उचललं तर?"

"विचारते मग. झोपताना टोचत नाय?"

"नाही. मऊ फडकं बांधते."

"आणि धुता कशा?"

"धुते की. रोज नाही. तेल मात्र रोज."

तेवढ्यात तिची नजर पायरीवर गेली. "त्या पोरीला असं का बसवलंय?"

हिरायने सांगितलं. याकूतबी पोवळीपुढे उकिडवी बसली. "बाळा, हात लावू?" पोवळीने मानेने हो म्हटलं. तिला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

याकूतबीने गोळा चाचपला. "भगतबुवा, ही जट नाही. हे माझ्या आईचे केस आहेत, माझे आहेत. फक्त गुंतलेत."

"जटेत फणी जात नाय," धाकू म्हणाला. "भरतीच्या आधी तुझी गेली, तर मी गप्प बसेन. नाय गेली तर होडी जाईल."

याकूतबीने पोवळीला गुडघ्यांमध्ये धरलं, बिस्मिल्ला म्हटलं, आणि गोळ्यावर गोडं पाणी ओतलं, मग खोबरेल. बोटांनी तिने शेंड्याकडून सुरुवात केली. हिराय म्हणाली, "टाळूपासून नाय?"

"जाळं गुंतलं तर तू मध्येच धरून ओढतेस?"

"नाय. टोक शोधते."

"मग?"

हिराय खाली बसली आणि तिनेही एक टोक धरलं. मग विहिरीवरच्या बाया एकेक करून आल्या. जाळी सोडवणारी बोटं ती. आधी पोवळीला विचारायचं, मग बट हातात घ्यायची.

इकडे पाणी चढू लागलं. चिखल बुडाला, होडीचा तळ हलला, पाणी पायरीशी आलं. आणि असं म्हणतात, की तिथेच थांबलं. लाट यायची, पोवळीच्या पायाच्या अंगठ्याला टेकायची आणि मागे जायची. होडी ना तरे ना बसे. नाखवे कुरकुरले, "भरती चुकली का काय?" धाकू वाकून बघत होता.

गोळा सुटत आला. त्यातून वाळू निघाली, माशाचे खवले निघाले, एक शिंपला निघाला. आणि अगदी आत, टाळूजवळ, तो टणक दात. याकूतबीने तो हिरायच्या तळहातावर ठेवला. मग आणखी एक ठेवला. मग आणखी.

हिरायने बघितलं. "हे माझ्या फणीचे," ती म्हणाली.

"देवीने सोडलं पोरीला," धाकू पुटपुटला.

"देवीने धरलंच नव्हतं, भगतबुवा. फणीने धरलं होतं."

मग याकूतबीने गाठोड्यातून आपली फणी काढली. शिवणीच्या लाकडाची, हाताच्या बोटांएवढे लांब दात, दातांत बोटभर अंतर. ती फणी शेंड्यांतून गेली, मधून गेली, टाळूपासून सरळ बाहेर आली. पोवळीचे केस उघडले आणि फुलत गेले, फुलत गेले, इतके की धक्क्यावर सावली पडली आणि उन्हात उभी असलेली सगळी वाडी त्या सावलीत आली, असं म्हणतात.

धाकू पुढे झाला. "पोरी, हात लावू का?"

"नाय," पोवळी म्हणाली.

सगळे हसले, धाकूसुद्धा. मग पाणी पायरीवर चढलं.

होडी गेलीच जत्रेला, पण तिच्यात पोर नव्हती. याकूतबीने ती फणी धाकूच्या हातात दिली, "देवीला माझी भेट. तिचेही केस असतील की." लग्नाला तिला उशीर झाला. नवरीकडच्यांनी काय बोल लावला ते मात्र मला कुठेच कळलं नाही, पुष्कळ विचारलं.

आजही आमच्याकडे जत्रेच्या सकाळी बाया धक्क्यावर बसतात, एकमेकींच्या केसांना तेल लावतात, शेंड्यापासून विंचरतात. टोकापलीकडच्या सिद्दी बाया येतात, वेण्या गुंफून देतात. केसाला हात लावण्याआधी विचारायचं, हे इथलं पोर बोलायच्या आधी शिकतं. आणि कुणाच्या डोक्यात गुंता झाला की घरचा माणूस रुंद दातांची लाकडी फणी घेऊन डोंगर चढतो.

कधी आलात तर बघा. देवीच्या दाराला फण्याच फण्या टांगलेल्या आहेत, वाऱ्याने एकमेकींवर वाजतात. त्या दिवसापासून तिथे पोर एकही सोडलेली नाही.