शुद्ध घासलेट

"पण अशुद्ध कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात, माय? मूळ इंग्रजी शब्द गॅसलाईट. तो बिघडून घासलेट झाला. मी त्यापुढे 'अशुद्ध रूप' एवढंच लिहिलंय."

"मग माझं नाव काढ त्या पुस्तकातून."

हेमराजने हातातलं पेन खाली ठेवलं. आपल्या बोलीत मिसळलेल्या इंग्रजी शब्दांचा त्याचा कोश सोमवारी छापायला जायचा होता. निम्मे शब्द द्वारकामायने दिलेले. भुसावळच्या एका शाळेत तिने तीस वर्षं घंटा वाजवली, आणि रद्दीत मिळालेला, इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचा जाडजूड ग्रंथ वाचत इंग्रजी शिकली. पहिल्या पानावर तिचं नाव हवं, हे त्यानंच ठरवलं होतं.

मायने तो ग्रंथ त्याच्या पुढ्यात सरकवला.

"यात इंग्रज खलाशांच्या शिव्यांनासुद्धा जन्मसाल दिलंय. तिकडच्या खेड्यातल्या बायका चुलीपाशी काय बोलत, तेही आहे. आणि तू माझ्या आईच्या तोंडचा शब्द बाटलेला ठरवतोस..."

"हे शास्त्र आहे, माय. आईबिई मध्ये आणून चालत नाही."

"बरोबर. तू पीएचडी. मी घंटेवाली."

तेवढ्यात स्टोव्ह फुरफुरला आणि विझला. चहाला अजून आधणही आलं नव्हतं.

मायने टाकी हलवून पाहिली. कोपऱ्यातला डबा पिशवीत घातला, पिशवी त्याच्या हातात दिली.

"चौकातल्या दुकानातून आण. पण मागताना मूळ शब्दानं माग."

"त्यात काय," म्हणत त्याने चपला घातल्या.

परतला तेव्हा डबा रिकामाच. हातात गॅसची शेगडी पेटवायचा लायटर.

"तीनदा 'गॅसलाईट' म्हणून सांगितलं. त्यानं हाच काढून दिला. मागे माणसं उभी होती, हसायला लागली... म्हणून घेतला."

माय हसली नाही. तिने लायटर कोरड्या स्टोव्हपाशी धरला.

टक. टक. टक.

ठिणगी पडत होती...

हेमराजने पिशवीतून डबा बाहेर काढला, पिशवी तिथेच टाकून तो उघडाच हातात धरला.

"जाऊन येतो, माय."

"काय मागशील?"

तो उंबऱ्यात थांबला...

"घासलेट."

"हळू माग हं, बापू. अशुद्ध आहे ते."