बारीक अक्षर

"पण ते सुधारेल कसं, एवढंच सांगा ना बुवा."

गुणवंत मास्तर हे दुसऱ्यांदा म्हणाला. मठाच्या ओसरीवर सारंगधरबुवा बोरू तासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गुणवंत लहानपणी याच मठात लिहायला शिकला. पोथ्यांच्या नकला करणारे बुवा त्याचे गुरू. आता तो तालुक्याच्या शाळेत शिक्षक होता. फळ्यावरचं त्याचं अक्षर बघायला दुसऱ्या शाळांचे मास्तर येत. बऱ्याच वर्षांनी तो मठात आला होता, आणि सोबत आपली मुलगी घेऊन आला होता. वेणू. दुसरीत होती.

"हस्ताक्षर स्पर्धेचा परीक्षक मी," तो म्हणाला. "आणि माझ्याच पोरीचं अक्षर लोक हसून एकमेकांना दाखवतात. पहाटे उठवून गिरवून घेतो. बोटं धरून वळण देतो. काही म्हणता काही उपयोग नाही."

बुवांनी बोरू खाली ठेवला. कोनाड्यातली पाटी-पेन्सिल काढून वेणूपुढे सरकवली.

"लिही बाळ."

"काय लिहू?"

"तुला वाटेल ते."

वेणूनं आधी वडिलांकडे पाहिलं. मग पाटीच्या एका कोपऱ्यात, अगदी चौकटीला चिकटून, काहीतरी लिहिलं. मोहरीएवढी अक्षरं. लिहून झाल्यावर त्यावर तळवा ठेवला.

"बघा!" गुणवंत म्हणाला. "एवढी पाटी मोकळी पडलीय. मोठं लिही म्हणून घसा कोरडा पडला माझा."

बुवा पुढे वाकले.

"इतकं बारीक का गं लिहितेस?"

वेणूनं तळवा आणखी दाबून धरला.

"मी रागावणार नाही. मला आपलं विचारायचं आहे."

"बारीक लिहिलं..." ती हळूच म्हणाली, "की चूक दिसत नाही."

"कुणाला?"

तिची नजर पुन्हा वडिलांकडे गेली. तळवा तसाच पाटीवर.

"म्हणजे ही लबाडी आहे तर!" गुणवंत म्हणाला. "इतके दिवस मला वाटत होतं, हात वळत नाही हिचा."



मग बुवांनी पाटीची दुसरी बाजू वर केली आणि ती गुणवंतापुढे ठेवली.

"तू लिही. एकच अक्षर. पण चुकलेलं."

गुणवंत हसला. पेन्सिल घेतली आणि 'क' काढला. गोल पोट, सरळ दांडी, वर मोजून ओढल्यासारखी रेघ.

"हे चुकलेलं आहे?"

त्यानं ते पुसलं. पुन्हा काढलं. अक्षर तसंच सुबक उतरलं. त्यानं पेन्सिल मुठीत धरून पाहिली, मनगट वाकडं करून पाहिलं.  हात जणू त्याचं ऐकत नव्हता.

वेणू टक लावून बघत होती. वडिलांना एखादी गोष्ट येत नाही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती सरकत सरकत जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आप्पा, मी दाखवू? मला येतं."

तिनं पेन्सिलीला हात लावला.

"थांब गं!" गुणवंतानं तिचा हात झटकला.

वेणूनं दोन्ही हातांची बोटं चटकन काखेत लपवली. डोळे घट्ट मिटून घेतले. मान खांद्यात गेली... आणि ती तशीच उभी राहिली, वाट बघत.

गुणवंताचा हात हवेतच राहिला.

"मी मारणार नव्हतो," तो म्हणाला.

वेणूनं डोळे उघडले नाहीत.

"बुवा, खरंच. मी आत्ता मारणार नव्हतो."

 बुवांनी वेणूला जवळ घेतलं नाही की गुणवंताला दटावलं नाही. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. ती नजर गुणवंताला सोसेना.

"असे काय बघता?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही नव्हतं मारलं मला? याच ओसरीवर? पट्टीच्या कडेनं, बोटांच्या पेरांवर? वेलांटी चुकली की पट्टी, मात्रा सुटली की पट्टी. मी रडलो? घरी जाऊन कुणाला सांगितलं? म्हणून तर हे अक्षर आलं! सगळा जिल्हा नाव घेतो. तुमच्याच हातचं आहे हे अक्षर, बुवा. नाही म्हणा!"

बुवांनी पाटीवरचा 'क' बराच वेळ निरखला.

"नाही कसं म्हणू..." ते म्हणाले. "फार सुरेख झालं तुझं अक्षर."

गुणवंत वाट बघत राहिला.

"इथून गेल्यावर त्या अक्षरात मला कधी पत्राची एक ओळ तरी लिहिलीस का रे?"