वस्तादाचं ओढतं पाऊल

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नये. गोष्टीला साल लागत नाही. राज्य डोंगराळ होतं, राजाला कुस्तीचा नाद होता, आणि गावागणिक एक तालीम होती, एवढं कळलं तरी पुरे.

त्या राज्यात हैबतबा नावाचा एक वस्ताद होता. माणूस करारी. बोलणं मोजकं. हसलेला कुणी पाहिला नव्हता, आणि हसवायला कुणी गेलंही नव्हतं.

त्याच्या तालमीत कुस्ती चाले ती कमरेवरची. समोरच्याच्या पायाला हात घालायचा नाही, हा तिथला दंडक. मान, खांदा, दंड, बगल, छाती, कंबर. जे काय करायचं ते एवढ्यात. आणि या खेळाचा राजा म्हणजे ढाक. एका हातानं समोरच्याचा दंड आवळून धरायचा, दुसऱ्या हाताचा विळखा त्याच्या मानेला घालायचा, पाठ फिरवून आपली कंबर त्याच्या पोटाखाली लावायची, आणि गडी कमरेवरून घेऊन पाठीवर टाकायचा. ढाक नीट बसली तर पडणाऱ्याला आधी आभाळ दिसतं, मग कळतं की आपण पडलो.

हैबतबाची ढाक मुलखात गाजलेली होती. तिची एक खूण होती. आधी डावा पाय मातीतून हळूच ओढत मागं न्यायचा, मग उजवी कंबर आत घालायची. तालमीतला प्रत्येक पोरगा तसंच करी. पाऊल ओढल्याची रेघ मातीत उमटली नाही तर जुने पैलवान नव्याला पुन्हा पुन्हा करायला लावत. ती रेघ म्हणजे तालमीची शान.

आणखी एक रीत होती. नवा पोरगा आला की हैबतबा त्याच्या कपाळाला हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती लावी आणि त्याच्याकडून शपथ घेई. "ही माती अंगाला लागली. आता दुसरी लागू द्यायची नाही." म्हणजे बाहेर कुणाशी खेळायचं नाही, बाहेरचं शिकायचं नाही आणि आपलं बाहेर दाखवायचं नाही. तीस-तीस वर्षं पोरं आपापसातच लढत आली होती.

राजाच्या जत्रेत तेवढं उतरावं लागे, पण हैबतबाच्या नावाला भिऊन तिथं समोर कुणी येत नसे. एका वर्षी तिथं नदीपारचा एक पैलवान उतरला. ही नदीकाठची माणसं वाळूत खेळणारी. ओल्या अंगाला पकड टिकत नाही, म्हणून ती धरण्यापेक्षा निसटण्यात तरबेज. हैबतबाचा पट्टशिष्य सटवाजी त्याच्यासमोर उभा राहिला. सटवाजीनं दंड धरला, मानेला विळखा घातला, पाऊल ओढलं. तेवढ्यात नदीपारच्यानं माशासारखी बुडी मारली, सटवाजीच्या बगलेखालून निसटून त्याच्या पाठीमागं गेला, कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून आपटला.

राजाचा नियम कडक होता. ज्या तालमीचा पैलवान लागोपाठ दोन जत्रांत चितपट होईल, तिचा हौदा बुजवायचा आणि तिथं राजाचे बैल बांधायचे. दुबळ्या तालमीला जागा कशाला, असं राजाचं म्हणणं. म्हणजे हैबतबाच्या हातात एक वर्ष उरलं.

जत्रेतून परतताना वाटेत पोरं उनाडत होती. हैबतबाला बघून त्यातलं एक पाय ओढत चालून दाखवायला लागलं, दुसऱ्यानं त्याच्या बगलेखालून बुडी मारली आणि दोघं खिदळत धुळीत लोळली. हैबतबाच्या अंगाची लाही झाली. आपल्या चालीची टवाळी चालली आहे असं त्याला वाटलं, कारण तो खरोखरच डावा पाय ओढत चालत असे. पोरं टवाळी कशाची करत होती, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरी येऊन त्यानं शिष्यांना फैलावर घेतलं. अंगं जड झालीत, खुराकावर लक्ष आहे, ढाकेवर नाही, असं सुनावलं. दुसऱ्या दिवसापासून मेहनत दुप्पट झाली. सकाळ-संध्याकाळ ढाक, आणि ढाकेआधी ते पाऊल. मातीत नांगराच्या तासासारख्या रेघा पडल्या.

या शिष्यांत गोंदा नावाचा एक जण होता. त्याच्या मनाला ती हार लागली होती. तो कुणाला न सांगता डोंगरावर धनगरांच्या वाड्यावर जाऊ लागला. धनगरांची कुस्ती वेगळी. कमरेला फडकं बांधायचं, एकमेकांचं फडकं दोन्ही हातांनी धरायचं आणि उभ्यानंच पाडायचं. दगडगोट्यांच्या रानात गुडघे टेकून कोण लढणार? महिन्याभरानं गोंदा हौद्यात उतरला आणि सटवाजीला डाव्या कमरेवरून उचलून टाकला. पाऊल ओढलं नाही, रेघ उमटली नाही.

सगळे थक्क झाले. हैबतबानं फक्त विचारलं, हे कुठं शिकलास. गोंद्यानं खरं सांगितलं. मग हैबतबानं आपल्या पंच्याच्या सोग्यानं त्याच्या कपाळाची माती पुसली. राज्यातल्या कुठल्याही तालमीत कपाळाची माती पुसली, की तो गडी त्या तालमीचा राहत नसे. पुढची जत्रा होऊन गेल्याशिवाय त्याला परत घेता येत नसे. गोंदा पाया पडला आणि डोंगराची वाट धरली.

जत्रा जवळ आली, तशी एक बातमी हैबतबाच्या कानावर आली. डोंगरावरचे धनगर ढाक मारतात. म्हणजे गोंद्यानं तालमीची विद्या फुकट वाटली! हैबतबानं काठी घेतली आणि जाब विचारायला एकटाच डोंगर चढला.

वाड्यावर लोकर कातरायचं काम चाललं होतं. साठी उलटलेली एक धनगरीण एका माजलेल्या एडक्यासमोर उभी होती. तिचं नाव धुरपाबाई. तिनं एडक्याची मान बगलेत घेतली, पुढचा पाय हातानं आवळला, पाठ फिरवून कंबर त्याच्या कुशीखाली घातली, आणि एवढा मोठा एडका तिच्या कमरेवरून घसरून उताणा पडला. कातर घेऊन तिनं एक कूस साफ केली. मग त्याला उठवलं आणि या खेपेला दुसऱ्या बाजूनं तसाच पाडला.

हैबतबा बघत राहिला. ही ढाकच होती. अगदी त्याची ढाक.

"ही तुला गोंद्यानं शिकवली काय?" त्यानं दरडावून विचारलं.

धुरपाबाईनं मान वर केली नाही. "गोंदा परवा आला, पाव्हणं. मेंढरं माझ्या आजीच्या आजीच्या आधीपासनं हायती."

 मग हैबतबानं विचारलं, ती एडका दोन्ही बाजूंनी का पाडते.

"एकाच अंगानं पाडला, तर दुसऱ्या कुशीची लोकर काय आपसूक गळती?"

आजूबाजूचे धनगर हसले. हैबतबा हसला नाही. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. गोंदा सोडला तर आपल्या आजवरच्या एकाही शिष्यानं डाव्या कमरेवरून ढाक मारली नव्हती, हे त्याला त्या घडीला पहिल्यांदा जाणवलं.

तेवढ्यात गोंदा पाण्याची घागर घेऊन आला. वस्तादाला बघून त्यानं घागर खाली ठेवली आणि पाया पडला. हैबतबानं त्याला जवळ बसवून घेतलं, पण जाब काही विचारला नाही. उलट बोलतं केलं. गोंदा भीत भीत सांगू लागला. धनगर जिला एडका पाडणं म्हणतात, तीच आपली ढाक. परीट घाटावर खांद्यावरून कपडा आपटतो, तीच आपली धोबीपछाड. नदीपारची माणसं बगलेखालून निसटतात, ते जाळ्याच्या दोराखालून बुडी मारायची सवय असते म्हणून. नावं निराळी आहेत, पकड कुठं फडक्याला आहे, कुठं दंडाला, कुठं नुसती मिठी. पण माणूस पाडायच्या जागा सगळीकडं त्याच आहेत.

ऐकून झाल्यावर हैबतबा पाणी प्यायला उठला आणि घागरीकडे चार पावलं चालला. धुरपाबाई त्याच्या पायाकडे बघत होती.

"आता उमगलं," ती म्हणाली. "गोंदा पहिल्यांदा आला, तवा खेळताना डावा पाय ओढायचा. मला वाटलं, लेकराचा पाय दुखावलाय. आठ दिस तेल चोळलं मी. पाय तर धडधाकट. पाव्हणं, तो पाय तुमचा व्हय?"

कुणी हसलं नाही. गोंद्यानं मान खाली घातली.

हैबतबा घागरीपाशी उभा राहिला. तरुणपणी गाडी उलटून त्याचा डावा गुडघा चाकाखाली आला होता. त्यानंतर त्याला डावं पाऊल झटकन टाकता येईना. म्हणून तो ते ओढून मागं नेई आणि उजव्या अंगानं डाव साधी. अंगात रग होती, ढाक बसत गेली. पुढं तो वस्ताद झाला. पोरांनी त्याचं बघून तसंच केलं. त्या पोरांचं बघून पुढच्या पोरांनी केलं. बाहेरचा कुणी समोर आलाच नाही, मग हे पाऊल कशाला, असं विचारणार कोण? आणि एकदा बाहेरचा आला, तेव्हा त्यानं ते पाऊल बघितलं आणि आता उजवी कंबर येणार हे आधीच ओळखलं. वाटेवरच्या पोरांनाही ते कळलं होतं.

"मोडला तो माझा पाय होता," हैबतबा म्हणाला. "डाव मोडका नव्हता."

तो गोंद्याला घेऊन खाली आला. सगळ्या शिष्यांना बसवून त्यानं गाडीची, चाकाची आणि गुडघ्याची हकिगत सांगितली. आजपासून पाऊल ओढायचं नाही, दोन्ही अंगांनी खेळायचं, शपथ सुटली, असं बजावलं.

शिष्यांना आनंद झाला असेल असं वाटेल. तसं झालं नाही. पोरं कावरीबावरी झाली. सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वस्ताद, ते पाऊल काढलं तर ढाक आपली कशी राहील?"

"आपली नव्हतीच," हैबतबा म्हणाला. "आपलं होतं ते लंगडणं."

जत्रेच्या दिवशी नदीपारचा पैलवान पुन्हा शड्डू ठोकून उभा राहिला. हैबतबानं गोंद्याला पुढं केलं. राजाचा कारभारी उठला. त्यानं विचारलं, या गड्याच्या कपाळाची माती यंदा पुसली होती की नाही. हैबतबा खोटं बोलणारा नव्हता. पुसली होती, म्हणाला. कुणी पुसली? मीच. मग हा तुमच्या तालमीचा नाही, दुसरा गडी काढा, असं सांगून कारभारी खाली बसला. नियम जुना होता, आणि इतकी वर्षं हैबतबाच त्याची बढाई मारत आला होता.

सटवाजी उतरला. गोंद्यानं त्याला थोड्या दिवसांत जमेल तेवढं शिकवलं होतं. सुरुवातीला सटवाजी चांगला खेळला. डाव्या अंगानं एकदा घुसला, तेव्हा नदीपारचा गडबडला आणि कसाबसा सुटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण कुस्ती लांबली. दम लागला, डोळ्यांवर घाम आला, आणि अंगानं जे जन्मभर घोकलं होतं तेच केलं. सटवाजीचा डावा पाय आपोआप मातीत ओढला गेला.

नदीपारच्यानं बुडी मारली. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं.

सटवाजी मातीत तोंड खुपसून रडत होता. हैबतबा पाय ओढत त्याच्याजवळ गेला, हाताला धरून त्याला उभा केला.

"ऊठ. पडलास तू, पण पाडला मी."

आठवड्याच्या आत राजाची माणसं आली. हौद्यातल्या ज्या मातीत ताक, तेल आणि हळद मुरली होती, तिच्यावर मुरूम टाकून तो धुमसानं चोपला आणि खुंट ठोकले. संध्याकाळी तिथं बैल रवंथ करत बसले. तो हौदा पुन्हा कधी उघडला नाही. राजानं एकदा बोललेला शब्द कुणासाठी फिरवला नाही, आणि हैबतबानंही फिरवा म्हणून हात जोडले नाहीत.

तो डोंगरावर गेला. वाड्याजवळच्या गवतात त्यानं कुस्ती लावायला सुरुवात केली. त्याचे शिष्य आले, धनगरांची पोरं आली. उन्हाळ्यात नदी आटली की नदीपारची माणसंही वर येत. तो जिंकलेला पैलवानही येई आणि बगलेखालची बुडी शिकवून जाई. फडकं धरून खेळणारा, मिठी घालणारा आणि दंड आवळणारा, तिघं एकमेकांशी भिडत. शपथ कुणाला नव्हती, कपाळाला माती नव्हती. त्या गवतात तयार झालेली पोरं पुढं राज्यभर गाजली, आणि ती कुठल्या तालमीची हे कुणालाच धड सांगता आलं नाही.

हैबतबा दगडावर बसून बघत असे. चुकलं की बोले, जमलं की गप्प राही. पण नव्या पोराला ढाक दाखवायची वेळ आली, की तो स्वतः कधी उठला नाही. धुरपाबाईला हाक मारी, आणि तिच्या एडक्याला.

बोध : गुरूचा डाव घ्यावा, गुरूचं लंगडणं घेऊ नये, आणि दोन्हींतला फरक बाहेरची माती अंगाला लागल्याशिवाय कळत नाही.