मूठमायेची कहाणी

ऐका बायांनो, मूठमाये, तुझी कहाणी. एक नगर होतं आटपाट, तिथं ठकू नावाची बुरडीण राहत होती. नवरा बांबू फोडी, ती सुपं-टोपल्या विणी.

नगराचा एक वसा होता. दर सोमवारी घरोघरची बाई वेशीवरच्या रांजणात मूठभर तांदूळ टाकी. त्या तांदळावर वैद्य मूठवाल्या घरांची दुखणी पाही. टाकताना रांजणाच्या देवीला, मूठमायेला म्हणायचं, "माये, दुखणं येईल तेव्हा उभी राहा."

ठकूला ते बोल रुचेनात. मग शेजारीण आली, "ठकूबाई, मूठ टाकायला चला." ठकू म्हणाली, "दुखण्याचं नाव काढू नका. वास्तू तथास्तु म्हणते." मग नवरा म्हणाला, "एका मुठीनं काय जातंय आपलं? टाकून ये." ठकू म्हणाली, "धडधाकट माणसाला अपशकुन कशाला?" मग दारी एक म्हातारी आली. "लेकी, माझी मूठ दे." ती मूठमायच होती. ठकूनं पीठ वाढलं, पाणी पाजलं, मूठ काही दिली नाही.

पुढं काय झालं? नवऱ्याच्या पायात बांबूची कामटी शिरली. पहिल्या दिवशी हळद भरली. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. तिसऱ्या दिवशी काळा पडला. मग ठकू वैद्याच्या दारी धावली. दारावरचा माणूस म्हणाला, "मूठ आहे?" "नाही." "मग पोतंभर तांदूळ आण." ठकूनं सुपं विकली, मग कोयता विकला, मग गळ्यातले मणी विकले. तांदूळ आला, दार उघडलं. जीव वाचला, पाय गेला.

मग ठकू रडत वेशीवर आली. म्हातारी रांजणापाशी बसली होती. ठकूनं पाय धरले. "माये, कोपलीस का? त्यांचा पाय परत दे." माय म्हणाली, "लेकी, मी कोपले नाही. वास्तूही तथास्तु म्हणाली नाही. दुखणं कुणाच्या बोलण्याची वाट पाहत नाही. गेला पाय मला देता येत नाही. तू दोन मुठी टाकीत जा. एक तुझी, एक जिच्या घरी शिजायलाच काही नाही तिची."

ठकूनं वसा घेतला. उतली नाही, मातली नाही.

मग एके दिवशी एक मोलकरीण तापलेलं लेकरू घेऊन वैद्याच्या दारी आली. "मूठ आहे?" बाई लेकरू घेऊन माघारी वळली. वाटेनं ठकू टोपल्या घेऊन चालली होती, ती थांबली. म्हणाली, "आहे तिची मूठ. मी टाकलीय." दार उघडलं. लेकरू वाचलं.

जसं त्या लेकराला दार उघडलं, तसं तुमच्या-आमच्या लेकरांना उघडो, आणि ज्यांची मूठ कुणी टाकली नाही त्यांनाही उघडो. ही मुठीएवढी कहाणी, रांजणभर फळो, इथं संपूर्ण.