पैलवानांच्या मापाचा काढा

फार पूर्वी, राजवैद्यांच्या मिशीलासुद्धा मान असायचा त्या काळी, एका राज्यात तापाची साथ आली. राजाच्या औषधशाळेतल्या वैद्यांनी कंबर कसली आणि काढा तयार केला. आता तो तपासायचा कुणावर? शेजारीच तालीम होती. तिथल्या तापाने फणफणलेल्या पैलवानांना काढा दिला, ते खडखडीत बरे झाले. झालं! गावोगावी दवंडी पिटली, 'प्रत्येकाने रोज वाटीभर काढा घ्यावा.'

पुरुष बरे झाले. बायकांचाही ताप उतरला, पण त्यांना भोवळ येऊ लागली. कुणी विहिरीवर कोसळली, कुणी चुलीपुढे.

"बायका नाजूकच!" राजवैद्य म्हणाले.

औषधशाळेत एकुलती एक वैद्यबाई होती. शिकली सगळ्यांच्या बरोबरीने, पण तिच्या वाट्याला मुळ्या कुटणं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, काढा बायकांवर तपासलेलाच नाही. माप मोठं आहे."

"बायकांचं शरीर सारखं बदलतं," राजवैद्य म्हणाले, "सगळा हिशोब बिघडतो."

"मग तो बदलही हिशोबात धरायला हवा, वैद्यराज."

राजा म्हणाला, "कर तपासणी. पण चुकलीस, तर औषधशाळेचं दार बायकांना कायमचं बंद!"

वैद्यबाईच्या एका चुकीने पुढच्या सगळ्या मुलींची वाट अडणार होती. पण गप्प बसलं तर बायका अशाच कोसळत राहणार.

"चालेल," ती म्हणाली.

तिने हाक दिली आणि तापाने फणफणलेल्या कोळणी आल्या, कुंभारणी आल्या, बाळंतिणी आल्या, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. कपाळाला पट्टी बांधून राणीसाहेबही आल्या. वैद्यबाईने प्रत्येकीला विचारलं, "कसं वाटतंय?" आधी हे कुणी विचारलंच नव्हतं. ती ऐकत गेली, माप कमी करत गेली. अखेर अर्ध्या वाटीवर ताप उतरला आणि भोवळही थांबली. राज्यभर ढोल वाजले!

"माग, काय हवं ते!" राजा म्हणाला.

"महाराज, मी चुकले असते तर सगळ्या बायकांना दार बंद होणार होतं. राजवैद्य चुकले, तेव्हा पुरुषांना कुणी दार बंद केलं?"

मग राजवैद्यच उठले. "बाई खरं बोलतेय, महाराज."

राजाने अट मागे घेतली आणि तपासणीचं सगळं काम वैद्यबाईकडे सोपवलं. गावोगावच्या मुली औषधशाळेत शिकायला आल्या. पहिल्याच दिवशी एकीने काढा करपवला आणि ती रडवेली झाली.

वैद्यबाई हसली. "भांडं घास आणि पुन्हा कर."

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनोसुद्धा: औषध ज्यांच्यासाठी, त्यांना विचारून ते बनवा, आणि शिकणाऱ्या मुलीला मुलाइतकीच चुकायची मुभा द्या.