औषध सुनेच्या हाती

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे कापडाचा एक मोठा व्यापारी आला. खरे म्हणजे आधी त्याचे अत्तर आले आणि मग तो आला. ओसरीवर हिरडा कुटत बसलेल्या शिष्याने मान वर केली, तेव्हा दारात अजून कोणीच नव्हते. हिना आणि केवडा मात्र आत येऊन बसलेसुद्धा होते.

दिवस थंडीचे होते. तरीही व्यापाऱ्याच्या पगडीखालून घामाच्या धारा वाहत होत्या आणि बाराबंदी पाठीला चिकटली होती. बसल्या बसल्या त्याने उपरण्याने मान पुसली, पुन्हा पुसली आणि मग उपरणे मांडीखाली लपवले.

"वैद्यराज, या घामानं मला जिणं नकोसं केलंय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, मी ठाण उलगडून दाखवतो, पोत त्याला पसंत पडतो, आणि तेवढ्यात 'पुन्हा येतो' म्हणून ते उठून जातं. वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. काहीतरी इलाज करा."

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, खाण्यापिण्याची, झोपेची चौकशी केली आणि शिष्याकडे वळून विचारले, "सांग, काय द्यावं?"

शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होते. तो म्हणाला, "गुरुजी, पित्त वाढलंय. उपळसरी आणि धने रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून घ्यावं. पिण्याच्या माठात वाळ्याची जुडी टाकावी. आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला उकळावा. अंगाला वाळा, नागरमोथा, आवळकाठी आणि चंदन यांचं उटणं लावावं, आणि आंघोळ झाल्यावर ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवावा. मिरची, लसूण आणि कच्चा कांदा बंद. आणि अत्तर..." तो जरा अडखळला. "अत्तर थोडं कमी."

"उत्तम," वैद्य म्हणाले. "बांध पुड्या."

शिष्य पुड्या बांधू लागला. वैद्यांनी व्यापाऱ्याला सहज विचारावे तसे विचारले, "शेटजी, घामाचं तुमचं तुम्हाला कळलं. वासाचं कुणी सांगितलं?"

"वासाचं मी कुठं काय म्हणालो?"

"तुमचं अत्तर म्हणालं."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. तो एकदम म्हणाला, "सुनेनं सांगितलं. नव्या सुनेनं! सासऱ्याला!"

हकीकत अशी होती. रेशमी वस्त्र मुळातच सोवळे, ते रोज धुवायचे कारण नाही, अशी त्या घराची समजूत होती. व्यापारी पूजेला आणि जेवायला वडिलांच्या वेळचा एक रेशमी मुकटा नेसत असे. त्या मुकट्याला घरात कोणी शिवत नसे, आणि शिवत नसल्यामुळे तो कधी कोणी धूतही नसे. वर्षानुवर्षे घाम पिऊन तो खुंटीवर पवित्र होऊन बसला होता. रोज सकाळी स्वच्छ स्नान करून व्यापारी आपले स्वच्छ अंग त्याच वासात गुंडाळून घेत होता.

एके दिवशी नव्या सुनेने तो मुकटा काठीने खुंटीवरून उतरवला आणि विहिरीवर नेला. तिने रिठे भिजत घातले होते. एवढ्यात सासरे परसात आले आणि गरजले, "हा उद्योग करायला तुला कुणी सांगितलं?" तिने मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, याला वास येतो. तुमच्या अंगालाही येतो. बाहेरचं कुणी बोलण्याआधी..."

पुढचे तिला बोलू दिले नाही. त्याच दुपारी गाडी जुंपली आणि तिची माहेरी रवानगी झाली.

"दसऱ्यापासून ती तिकडेच आहे," व्यापारी म्हणाला. त्याच्या आवाजातला राग आता जरा थकला होता. "मुलगा पानावर येऊन बसतो, जेवतो, उठतो. माझ्याशी शब्द नाही. आमची मंडळी, मुलाची आई, देवघरात बसून डोळे पुसतात. घर असं झालंय की दुकानातच बरं वाटतं, आणि दुकानात हे असं. द्या ती औषधं, म्हणजे निघतो."

त्याने हात पुढे केला. शिष्याने पुड्या त्या हातावर ठेवायच्या, तोच वैद्यांनी त्या मधल्या मध्ये उचलल्या आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिल्या.

"औषध तयार आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या हातात द्यायचं नाही. सुनेला घेऊन या. तिच्या हातात देईन."

"रोगी मी आहे, वैद्यराज!"

"म्हणूनच."

व्यापारी पाय आपटत निघून गेला. अत्तर मात्र बराच वेळ ओसरीवर रेंगाळले. शिष्याला गुरूंचे हे वागणे मुळीच रुचले नाही. दारी आलेल्या रोग्याला औषध दाखवून परत पाठवायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? गुरूंचे वय झाले, दुसरे काय! त्याला व्यापाऱ्याची दया आली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाण्याचे निमित्त काढून त्याने त्या पुड्या गुपचूप व्यापाऱ्याच्या दुकानी पोचवल्या.

महिनाभराने व्यापारी पुन्हा आला. यावेळी गुलाबाचे अत्तर होते.

"तुमच्या शिष्यानं दिलेलं औषध मी नेमानं घेतलं," तो आल्या आल्या म्हणाला. शिष्याने झटकन खलबत्ता जवळ ओढला आणि त्यात काही नसतानाच तो कुटू लागला. "घाम कमी झालाय, हे कबूल. पण गिऱ्हाईक अजून उठून जातं."

वैद्यांनी शिष्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "वास गेला का?" त्यांनी विचारले.

"मला तर येत नाही."

"आधी येत होता?"

व्यापारी गोंधळला. "नाही. आधीही येत नव्हता."

"गडीमाणसं काय म्हणतात?"

"म्हणतात, शेटजी, तुम्ही आलात की बाग फुलल्यासारखं वाटतं."

"आणि घरात?"

"आमची मंडळी म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं."

वैद्य हसले. मग आसन जरा पुढे ओढून ते व्यापाऱ्याच्या अगदी जवळ बसले आणि म्हणाले, "शेटजी, ताप मला नाडीत कळतो, कावीळ डोळ्यांत दिसते. हा विकार कळायला नाक लागतं, आणि रोग्याचं नाक यात काही कामाचं नाही. त्या वासाबरोबर राहून राहून ते त्याला घरचाच मानू लागतं. माझं नाक हिंगात आणि हिरड्यात केव्हाच गेलं. मग उटणं वाढवायचं की कमी करायचं, उपळसरीचं पाणी पुरे झालं की अजून द्यायचं, हे मला सांगणार कोण? तुमच्या भरल्या घरात खरं बोलणारं नाक एकच होतं. ते तुम्ही गाडीत घालून पाठवून दिलंत. मुकटा धुवा, एवढं मीही सांगू शकतो, आणि वैद्य म्हणून तुम्ही ऐकालही. पण उद्या आणखी काही निघेल, परवा आणखी काही. मी काही तुमच्या घरात राहत नाही."

व्यापारी खाली पाहू लागला. वैद्यांचा आवाज मृदू झाला.

"आपला वास आपल्याला येत नाही, ही देवाची दया आहे. तो दुसऱ्याला येतो, ही त्याची योजना आहे, माणसाला माणूस लागावा म्हणून. पण त्या दुसऱ्यानं तोंड उघडायचं म्हणजे केवढी छाती लागते, विचार करा. नवं घर, नवं नातं, सगळा संसार पुढे पडलेला. तो पणाला लावून त्या पोरीनं तुम्हाला सांगितलं. सगळी पेठ हसण्याआधी सांगितलं. अशा माणसाचे आभार मानायचे असतात, शेटजी. तुम्ही तिच्यासाठी गाडी जुंपलीत."

व्यापारी नमस्कार करून उठला. घरी जाऊन त्याने रिठे फोडले, खुंटीवरचा मुकटा काढला आणि विहिरीवर बसून स्वतःच्या हाताने धुतला. घरातली माणसे दाराआडून पाहत राहिली. पहिले पाणी इतके मळकट निघाले की उभा जन्म रेशमात काढलेल्या त्या माणसाला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी त्याने गाडी जुंपायला सांगितली आणि स्वतः तीत बसून सुनेच्या माहेरी गेला.

सासरा स्वतः दारात आलेला पाहून सुनेचे वडील घाबरले. लेकीचा संसार आता कायमचा मोडायला व्याही आले, असेच त्यांना वाटले. त्यांनी घाईघाईने घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हात जोडून म्हणाले, "पोर आहे हो. तोंडातून शब्द गेला. पदरात घ्या तिला."

"तिला जरा बाहेर बोलवा," व्यापारी म्हणाला.

ती चौकटीशी येऊन उभी राहिली. दसऱ्यापासून ती वाळली होती. "मामंजी, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी बोलायला नको होतं."

"न बोलायला सगळं गाव आहे की," व्यापारी म्हणाला. "काल मी मुकटा धुतला. माझ्या हातानं, रिठ्याच्या पाण्यात. औषधंही घेतोय. आज अत्तराचा थेंबही लावला नाही. आता तू मला सांग, कसं आहे?"

तिने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी सासऱ्याच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवली. बोलू नको, बाई, आता तरी बोलू नको.

"खरं सांगू?" तिने विचारले.

"खरं सांग."

"पुष्कळ बरं आहे, मामंजी. पण पगडीचं अस्तर..."

वडिलांनी कपाळाला हात लावला.  व्यापाऱ्याने व्याह्यांसमोर, चारचौघांत कधी न उतरवलेली पगडी डोक्यावरून उतरवली, उलटी केली आणि आतल्या अस्तराला नाक लावले. त्याने एकदा वास घेतला, दोनदा घेतला.

"मला काहीच येत नाही," तो नवलाने म्हणाला. "वैद्यराज म्हणाले होते तसंच. मला खरंच काही येत नाही गं."

आणि तो रडू लागला. बोडक्या डोक्याने, मांडीवर पगडी धरून, तो भर सकाळी व्याह्यांच्या ओसरीवर रडला. "मी तुला घालवून दिलं," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्यापासून तोडलं, आणि तू अजूनही मला खरंच सांगतेस. माझ्या वडिलांच्या माघारी इतक्या मायेनं मला कुणी टोकलं नव्हतं. तुझे फार उपकार आहेत, बाळ. घरी चल. तुझं घर आहे ते."

सूनही रडत होती. पण रडता रडता तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "ती पगडी इकडे द्या आधी. अस्तर उसवून घेते, म्हणजे वाटेत वारा लागेल."

परत येताना गाडी वैद्यांच्या दारी थांबली. वैद्यांनी आतून पत्नीला बोलावले. त्या माउलीने सुनेला पाटावर बसवले, हळदकुंकू लावले, खणानारळाने तिची ओटी भरली. मग वैद्यांनी नव्या पुड्या आपल्या हाताने तिच्या हातात दिल्या. उटणे किती दिवसांनी बदलायचे, उपळसरीचे पाणी कधी थांबवायचे, वाळा उन्हात वाळवायचा की सावलीत, असे सगळे तिने नीट विचारून घेतले. व्यापारी शेजारी बसून ऐकत होता आणि मधूनमधून मान डोलवत होता. आपल्याबद्दलच चालले आहे याचे त्याला काही वाटत नव्हते. उलट गाडीत बसताना त्याने वैद्यांना दोन्ही हात जोडले, तेव्हा त्याचा चेहरा मोठ्या आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका झाला होता.

गाडी दिसेनाशी झाली. शिष्य अंगणात तसाच उभा होता. काही वेळाने तो गुरूंपाशी येऊन बसला.

"गुरुजी, मी तुम्हाला न विचारता पुड्या नेऊन दिल्या. तुम्ही मला एका शब्दानं रागावला नाहीत."

"तू दयेनं नेल्यास. रागवायचं काय त्यात?"

 शिष्य जमिनीकडे पाहत म्हणाला, "तसं माझंही काही असेल. मला न कळणारं. तुम्हाला दिसत असेल, आणि मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही बोलत नसाल."

वृद्ध वैद्यांनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिले. "आहे ना," ते म्हणाले. "तू कधी विचारतोस याचीच वाट पाहत होतो. चुलीवरचा काढा उतरवून ये. जरा वेळ लागेल."

शिष्य काढा उतरवून आला. गुरू शांतपणे बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले, एकदा डोळेही भरून आले. पण तो उठला नाही आणि मध्ये बोललाही नाही. शेवटी त्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले. आजवर ज्ञानासाठी त्याने गुरूंना पुष्कळ नमस्कार केले होते. हा पहिलाच आभाराचा होता.

आपल्याही घरात असे खरे सांगणारे एखादे माणूस असते. आज त्याला जवळ बसवून विचारावे, आणि जे कानी पडेल त्याबद्दल हात जोडावेत.