भानजीची रेघ

भरतीचं पाणी देवळाच्या पायरीला लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी आपल्या शिंपवलीत भानजी चितारी राहत होता. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. असं म्हणतात, त्याने भिंतीवर काढलेला हत्ती पाहून गाई बुजायच्या.

त्याचं काम कसं चालायचं ते आधी ऐका. शिंपले भाजून चुना करायचा. त्यात वाळू आणि गुळाचं पाणी घालून तो पायांनी तुडवायचा. त्याचा पांढरा गिलावा भिंतीला द्यायचा आणि त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, हात फिरवायचा. काव ओली असते तोवर सळईने ती खरवडायची. खालचा पांढरा चुना दिसायला लागतो आणि तेच चित्र. दिवस मावळला की भिंत वाळते. मग चुकलेली रेघ देवालाही पुसता येत नाही.

भानजीचा चुना तुडवायची येसा. बारा वर्षं तुडवत होती. तिच्या पायांना चुन्याने भेगा पडल्या होत्या, आणि सळई तिच्या हातात कधी कुणी दिली नव्हती.

एका वर्षी दसरा झाल्यावर गावचा मुख्य नागोजी गावकर याने सगळ्यांना बोलावलं. धक्क्यापासून देवळापर्यंतच्या वाटेवरची लांब भिंत नव्याने रंगवायची होती. तो म्हणाला, “देव देवळात आहेतच. वाटेवर आपण असू. परक्या माणसाला भिंत बघून कळू दे, शिंपवली म्हणजे कोण. प्रत्येक घराने एकेक गोष्ट सांगा.”

मग कुणी आपली गळकी होडी सांगितली, कुणी दोरीवर वाळणारे बोंबील, कुणी दारातला वाकडा फणस. भानजीने सगळं काढलं, पण आपल्या थाटात. होडी राजाच्या नौकेसारखी झाली. बोंबलांना तोरणाची कळा आली. फणस सरळ झाला. शेवटचे दहा हात राहिले आणि ऊन कलायला लागलं.

“येसा, तू धर गो सळई,” नागोजी म्हणाला. “काय जमेल ते ओढ. काव वाळतेय.”

येसाने ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायका काढल्या. तोंडं नाहीत, नुसत्या वाकलेल्या पाठी. संध्याकाळी लोक बघायला आले. भानजीच्या नौकेपुढे “छान हो” म्हणाले आणि पुढे गेले. त्या पाठींपाशी मात्र सगळे अडकले.

“ही आमची आत्या.”

“आणि ही चंद्राकाकी. कंबरेवर हात बघ.”

“काकीचा हात चिखलात कमी, कंबरेवरच जास्त.”

चंद्राकाकी सगळ्यात मोठ्याने हसली.

त्या दिवशी भानजीच्या पोटात हेवा शिरला. असं म्हणतात, त्याच्या भाताला चुन्याची चव यायला लागली. तो ज्या माडाला टेकून बसायचा, त्याचे नारळ आतून करपले. देवळात जाताना तो मान फिरवून चालायचा, तरी त्या पाठी त्याला दिसायच्याच. आपल्या चित्रापुढे कुणी थांबलं की तो मागून खोकायचा, म्हणजे माणूस वळून दोन शब्द बोलेल. वर्षभर त्याने येसाशी चुना घट्ट झाला, चुना पातळ झाला, यापलीकडे बोलणं केलं नाही.

खाडीचा खारा वारा भिंत खातो, म्हणून पुढच्या दसऱ्यानंतर ती पुन्हा लिंपली. आणि देवळाच्या पायऱ्यांसमोरचे वीस हात, भानजीची बापजाद्यांपासूनची जागा, गावाने येसाला दिले.

दुपारी सगळे जेवायला गेले. भानजी गेला नाही. त्याने सळई उचलली आणि येसाच्या ओल्या कावेवर घाव घातला. मग दुसरा, मग तिसरा. रेघ नाही, आकार नाही, नुसते खांद्यापासून मारलेले तिरपे घाव. असं म्हणतात, सळई तापून लाल झाली तरी त्याचा हात थांबला नाही.

लोक परतले आणि उभेच राहिले. येसा मात्र भिंतीपाशी गेली. एकेका घावावरून तिने बोट फिरवलं.

“कुणावर एवढं, दादा?” तिने विचारलं.

भानजी सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझ्यावर. बारा वर्षं माझा चुना तुडवलास आणि एका दुपारी माझं गाव घेतलंस.”

“आणि बारा वर्षं मी तुमच्या हाताकडे बघत होते,” येसा म्हणाली. “माझं पोट काय थंड होतं? त्याच रागाने तुडवलाय चुना. म्हणून तर तुमचा गिलावा कधी सुटला नाही.”

येसाने करंगळी कावेत बुडवली आणि पहिल्या पांढऱ्या घावाला एक तांबडा ठिपका दिला. डोळा. घावाचा बगळा झाला. दुसऱ्याला दिला, दुसरा झाला. दिवस मावळेपर्यंत वीस हातांतून बगळ्यांचा थवा उठला होता, आणि तसा थवा शांत मनाच्या माणसाला काढता आला नसता. असं म्हणतात, शेवटचा डोळा पडला तेव्हा खाडीतले खरे बगळे येऊन भिंतीवर ओळीने बसले. भानजी वारला त्या सकाळी भिंतीवरचा एक बगळा नाहीसा झाला होता. तिथे नुसती काव होती, तांबडी, बगळ्याच्या आकाराची.

आजही दसऱ्यानंतर शिंपवली ती भिंत लिंपते. घराघराची गोष्ट काढण्याआधी पायऱ्यांसमोरच्या वीस हातांपुढे रांग लागते. सळई घ्यायची, ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि एक घाव मारायचा. भाऊ भावाचं नाव घेतो. सून जावेचं घेते. दूर शिकून परतलेल्यांनाही रांग सुटत नाही. ते इथेच राहिलेल्यांचं नाव घेतात. कुणी हसत नाही. आणि ज्याचं नाव घेतलं, त्याने पुढे येऊन त्या घावाला डोळा काढायचा.

पहिला घाव भानजीच्या वतीने, येसाचं नाव घेऊन मारतात. त्याला डोळा काढते ती त्या वर्षी चुना तुडवणारी बाई.